खोकला-सर्दीचे पातळ औषध घरात सुरक्षितपणे कसे वापरावे?

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा साडेतीन वर्षांचा, वजन १४ किलो. चार दिवसांपासून सर्दी आहे, नाक चोंदलेले आहे, रात्री खोकला वाढतो. पहिले दोन दिवस ताप होता, आता नाही. घरात गेल्या हिवाळ्यातली खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली शिल्लक आहे. सासऱ्यांनाही त्याच सर्दीने गाठले आहे आणि त्यांना रक्तदाब, मधुमेह व प्रोस्टेट या तिन्हींच्या गोळ्या चालू आहेत. ही बाटली दोघांना चालेल का, किती चमचे द्यायचे, आणि छिंदवाड्यात सिरपमुळे मुले दगावल्याच्या बातम्यांनंतर कोणत्याही सिरपवर विश्वास ठेवावा की नाही, असे आपण विचारले आहे.

ताई, सरळ उत्तर आधी देते. ती बाटली मुलाला देऊ नका आणि सासऱ्यांनाही देऊ नका. दोघांना न देण्याची कारणे मात्र वेगवेगळी आहेत, आणि ती समजून घेतली तर पुढच्या वेळी मेडिकलमध्ये उभे राहून काय विचारायचे हे आपले आपल्यालाच कळेल. मी फार्मासिस्ट आहे. बरीच वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला उभी राहून लोकांच्या हातात औषधाच्या बाटल्या देत आले आहे. माझ्या अनुभवात पातळ औषधाने झालेला बहुतेक त्रास दोन गोष्टींमुळे होतो: बाटलीत नेमके काय आहे हे न पाहणे आणि किती दिले हे न मोजणे. भेसळ ही तिसरी आणि सर्वांत भयंकर गोष्ट आहे, परंतु तिच्याविषयी घरातल्या माणसाला फार थोडे करता येते. पहिल्या दोन गोष्टी मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहेत.

आधी मुलाविषयी. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सर्व राज्यांना सूचना दिली. दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे लिहून देऊ नयेत व विकूही नयेत, पाच वर्षांखालील मुलांना ती सहसा देऊ नयेत, आणि त्यापुढच्या वयातही डॉक्टरांनी तपासून, योग्य मात्रेत, कमीत कमी दिवस व अनेक औषधांची मिश्रणे टाळून द्यावीत, असे त्यात म्हटले आहे. ही सूचना छिंदवाड्यातील दुर्घटनेनंतर निघाली म्हणून ती केवळ खबरदारीची आहे असे समजू नका. लहान मुलांचा सर्दी-खोकला बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो. सर्दी आठ-दहा दिवसांत ओसरते, पण मागे राहिलेला खोकला पुरता जायला दोन ते तीन आठवडे लागू शकतात. बाजारातल्या खोकल्याच्या औषधांनी हा काळ कमी होतो असे मुलांवरील अभ्यासांत दिसलेले नाही. दुष्परिणाम मात्र खरे आहेत. ॲलर्जीरोधक घटकाने मूल गुंगते, किंवा उलट रात्रभर चिडचिड करते. नाक मोकळे करणाऱ्या घटकाने हृदयाची धडधड वाढते. खोकला दाबणारा घटक जास्त झाला तर श्वास मंदावू शकतो. फायदा जवळजवळ नाही आणि धोका मोजता येण्याजोगा आहे, असा हा हिशेब आहे.

क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन या दोन घटकांच्या मिश्रणाबद्दल तर देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच सांगितले होते की ते चार वर्षांखालील मुलांना देऊ नये आणि तसा इशारा वेष्टनावर छापावा. पहिला घटक वाहणारे नाक थांबवतो व गुंगी आणतो, दुसरा रक्तवाहिन्या आकुंचित करून नाक मोकळे करण्यासाठी घातलेला असतो. सर्दीच्या असंख्य सिरपांमध्ये आणि थेंबांमध्ये हीच जोडी असते. आपल्या घरातल्या बाटलीवर ही दोन नावे आहेत का ते एकदा वाचून पाहा. असतील तर साडेतीन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत पुढे विचार करण्याचीही गरज नाही.

छिंदवाड्यातही याच जोडीचे सिरप होते. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, विशेषतः परासिया भागात, साध्या सर्दी-तापासाठी कोल्ड्रिफ हे सिरप घेतलेली मुले काही दिवसांत लघवी बंद होऊन मूत्रपिंड निकामी होण्याच्या अवस्थेला पोहोचली. अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणले गेले. वीसहून अधिक मुले दगावली. तमिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यात तयार झालेल्या त्या औषधाच्या एसआर-१३ या बॅचमध्ये तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेला ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य आढळले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही त्या बॅचचा वापर व विक्री तत्काळ थांबवण्याचा इशारा दिला, आणि उत्पादक कंपनीचा परवाना पुढे रद्द झाला.

हे द्रव्य औषधात येते कसे, हे समजून घेणे आवश्यक आहे. सिरपमधील औषध विरघळवण्यासाठी आणि त्याला दाटपणा व गोडी आणण्यासाठी प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन किंवा सॉर्बिटॉल वापरतात. डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरले जाणारे स्वस्त द्रावक आहे. दिसायला तसेच, चवीला गोडसर, जवळजवळ वासहीन. कच्चा माल औषधी दर्जाचा न घेता औद्योगिक दर्जाचा घेतला, किंवा आलेले पिंप न तपासता वापरले, की ते थेट बाटलीत उतरते. शरीरात त्यापासून जे आम्ल तयार होते ते मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशी मारते. मुंबईला हे नवीन नाही. १९८६ मध्ये सर जे. जे. रुग्णालयात अशाच दूषित ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण मरण पावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने त्या प्रकरणातील खरेदी, तपासणी व प्रशासनाच्या साऱ्या व्यवस्थेवर बोट ठेवले. २०२२ मध्ये गांबिया आणि उझबेकिस्तान या देशांतही भारतातून गेलेल्या सिरपमुळे बालके दगावली. पिंप वापरण्यापूर्वी त्यातील नमुना तपासणे एवढ्या एका टप्प्यावर हे मृत्यू थांबवता येत होते. इतक्या वर्षांनंतरही तो टप्पा सगळीकडे पाळला जात नाही, याचे मला मनापासून दुःख व संताप आहे.

तरीही प्रत्येक सिरप विषारी आहे असा निष्कर्ष काढू नका, कारण त्या भीतीने कोणी मुलाचे तापाचे किंवा फेफऱ्याचे आवश्यक पातळ औषध बंद केले तर नुकसान अधिक होईल. घरात बसून वासावरून, रंगावरून किंवा चाखून भेसळ ओळखता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. आपण एवढे करू शकतो: औषध परवानाधारक दुकानातून घ्यावे, बिल घ्यावे, बिलावर बॅच क्रमांक आहे का ते पाहावे, आणि औषध संपेपर्यंत बिल व बाटली दोन्ही सांभाळून ठेवावी. कोणतेही सिरप सुरू केल्यानंतर मुलाला वारंवार उलट्या होऊ लागल्या, पोटात दुखू लागले, ते विलक्षण सुस्त झाले, आणि मुख्य म्हणजे सहा-आठ तासांत लघवीच झाली नाही, तर औषध थांबवून त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि बाटली सोबत न्यावी. लघवीवर लक्ष ठेवणे ही गोष्ट आया सहज करतात, फक्त तिचा औषधाशी संबंध असू शकतो हे ठाऊक असायला हवे.

आता बाटली वाचण्याविषयी. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत असते ते कंपनीने दिलेले नाव. आपल्याला हवा तो मजकूर मागे किंवा बाजूला बारीक अक्षरांत असतो: ‘प्रत्येक ५ मिलिलिटरमध्ये’ अशी सुरुवात आणि त्याखाली घटकांची नावे व मिलिग्रॅम. थेंबांच्या बाटलीवर तेथेच ‘प्रत्येक मिलिलिटरमध्ये’ असे असते. एकाच नावाच्या शेपटाला डी, डीएक्स, एलएस, प्लस, फोर्ट, डीएस अशी अक्षरे जोडून कंपन्या अगदी वेगळी औषधे विकतात. डीएक्समध्ये बहुधा कोरडा खोकला दाबणारे डेक्स्ट्रोमेथॉर्फन असते, तर एलएसमध्ये कफ पातळ करणारे ॲम्ब्रोक्सॉल आणि श्वासनलिका रुंदावणारे लेव्होसाल्ब्युटामॉल असते. एक खोकला थांबवते, दुसरे कफ सुटा करून खोकल्यावाटे बाहेर काढते. शेजारणीने सांगितलेले नाव घेऊन आलेली व्यक्ती शेपटाची अक्षरे विसरलेली असते आणि भलतीच बाटली घेऊन जाते, हे मी वारंवार पाहते. छातीत कफ भरलेल्या माणसाचा खोकला दाबला तर कफ आतच साठतो. त्याहून वाईट म्हणजे काही मिश्रणांत दाबणारे व सोडवणारे असे दोन्ही घटक एकत्र असतात. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या १४ मिश्रणांत खोकल्याची अशी अनेक मिश्रणे होती.

मिश्रणांतला आणखी एक छुपा धोका पॅरासिटामॉलचा. सर्दीच्या बऱ्याच सिरपांत ते आधीच असते. आई तापासाठी वेगळे पॅरासिटामॉल देते आणि सर्दीसाठी दुसरे सिरप देते. दोन्ही बाटल्यांचे रंग, स्वाद, नावे वेगळी असतात, पण पोटात एकच औषध दुप्पट जाते. मोठ्या माणसांतही हेच होते: सकाळी सर्दीची गोळी, दुपारी अंगदुखीची, रात्री सिरप, आणि तिन्हींमध्ये पॅरासिटामॉल. ते मर्यादेत घेतले तर सुरक्षित आहे, मर्यादेबाहेर गेले की यकृताला इजा करते, आणि पहिला एक-दीड दिवस त्याची काही चाहूलही लागत नाही.

मोजण्याकडे येते, कारण ‘किती चमचे’ हा आपला प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर चमच्यात देताच येत नाही. आपल्या घरांत चहाचा चमचा वेगळा, पोह्यांचा वेगळा, साखरेच्या डब्यातला वेगळा. नुसत्या लहान चमच्यांतच अडीचपासून सात मिलिलिटरपर्यंत काहीही मावते. डॉक्टर ‘एक चमचा’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात ५ मिलिलिटर असतात. म्हणून चिठ्ठीवर नेहमी मिलिलिटर लिहून घ्या. लिहिले नसेल तर फार्मासिस्टला विचारा आणि बाटलीवर पेनाने आकडा घालून घ्या.

हे केवढे महत्त्वाचे आहे ते पॅरासिटामॉलच्याच उदाहरणाने दाखवते. मुलांसाठी एका वेळची मात्रा दर किलो वजनामागे १० ते १५ मिलिग्रॅम असते. १४ किलोच्या मुलाला म्हणजे १४० ते २१० मिलिग्रॅम. बाजारात एका बाटलीत ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम असते, दुसरीत ५ मिलिलिटरला २५० मिलिग्रॅम, आणि तान्ह्या बाळांच्या थेंबांत चक्क १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम. तेव्हा तीच मात्रा पहिल्या बाटलीतून सुमारे ६ मिलिलिटर होते, दुसरीतून सुमारे ३, आणि थेंबांतून जेमतेम दीड. थेंबांचे औषध बाळांसाठी असते म्हणून ते सौम्य असेल असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात ते सर्वांत तीव्र असते, कारण बाळाच्या तोंडात थोडेसेच घालता यावे यासाठी ते दाट केलेले असते. कोणी ‘मागच्या वेळी ६ मिलिलिटर दिले होते’ या आठवणीने थेंबांच्या बाटलीतून ६ मिलिलिटर दिले तर मुलाच्या पोटात ६०० मिलिग्रॅम जाईल, म्हणजे हव्या मात्रेच्या चौपट. म्हणूनच एका बाटलीचे माप दुसऱ्या बाटलीला लावू नये आणि एका औषधाचा ड्रॉपर दुसऱ्या औषधाला वापरू नये.

मापासाठी सर्वांत भरवशाची वस्तू म्हणजे तोंडाने औषध देण्याची, सुई नसलेली सिरिंज. ५ मिलिलिटरची सिरिंज मेडिकलमध्ये अगदी थोड्या पैशांत मिळते. तिचे टोक बाटलीत बुडवून दट्ट्या ओढा, टोक वर करून टिचकी मारा म्हणजे बुडबुडा वर येईल, तो बाहेर ढकला, आणि मग दट्ट्याच्या काळ्या रबराची टोकाकडची कडा नेमकी ज्या रेषेला टेकते तो आकडा वाचा. बुडबुडा राहिला तर तेवढे औषध कमी जाते. बाटलीवरचे मापाचे टोपण वापरायचे असेल तर ते हातात उंच धरून वाकडे पाहत भरू नका. टेबलावर ठेवा, खाली वाकून डोळे रेषेच्या पातळीला आणा आणि मग ओता. टोपणावर २.५, ५, १० अशा पारदर्शक उठावाच्या रेषा असतात व त्या रात्रीच्या मंद उजेडात दिसत नाहीत. रात्री दोनला औषध देण्याची वेळ आली तर आधी दिवा लावा. बाटलीवर ‘सस्पेन्शन’ लिहिले असेल तर ती दर वेळी नीट हलवून घ्या, कारण तळाशी बसलेले औषध वर न मिसळल्यास पहिले डोस पांचट आणि शेवटचे डोस तीव्र जातात.

देताना मूल बसलेले किंवा मांडीवर डोके उंच करून धरलेले असावे. सिरिंजचे टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवून थोडे थोडे सोडावे. नाक दाबून, आडवे पाडून, रडत असताना घशात ओतले तर औषध श्वासनलिकेत जाऊ शकते. औषध दिल्यावर मुलाने उलटी केली तर अंदाजाने पुन्हा पूर्ण मात्रा देऊ नये. एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये. आणि घरात आजी, आई, बाबा असे तिघे औषध देणारे असतील तर फ्रिजच्या दारावर कागद चिकटवून त्यावर वेळ व मिलिलिटर लिहीत जावे. ‘मी दिलं नव्हतं वाटतं’ म्हणून दुसऱ्यांदा दिल्याची उदाहरणे फार असतात.

मग आपल्या मुलाला द्यायचे काय? नाकासाठी मिठाच्या पाण्याचे थेंब, म्हणजे ०.६५ टक्के सोडियम क्लोराइड असलेले. त्यात औषध नसते, त्यामुळे गुंगी किंवा धडधड यांचा प्रश्न येत नाही. झोपण्यापूर्वी व जेवणापूर्वी प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब घालून थोड्या वेळाने नाक पुसून घ्यावे. रात्रीच्या खोकल्यासाठी मध अर्धा ते एक लहान चमचा, झोपण्याच्या अर्धा तास आधी, आणि नंतर दात पुसून. एक वर्षावरील मुलांच्या खोकल्यात मधाचा थोडा पण खरा उपयोग होतो असे अभ्यासांत दिसले आहे. परंतु एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचे बोटही चाटवू नये. आपल्याकडे बाळाच्या जिभेवर मध लावण्याची किंवा गुटी मधात उगाळण्याची रीत अजून आहे. मधात असू शकणारे बॉट्युलिझमचे बीजाणू तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजून त्याचे स्नायू लुळे पाडू शकतात. नाकात तेल सोडू नये, ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. कापराची पुरचुंडी बाळाच्या गळ्यात बांधू नये, कापराचा लहानसा खडा पोटात गेला तरी झटके येऊ शकतात. वाफेसाठी मुलाला उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाकवू नये. भाजण्याचा धोका वाफेच्या फायद्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. कोमट पाणी, पेज, सूप थोडे थोडे देत राहा.

यासोबत एक काम मन लावून करा: मूल शांत झोपले असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास असतील तर ती साधी सर्दी समजू नये. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ज्याला आपण पोट उडणे म्हणतो, ओठ निळसर दिसत असतील, मूल पाणी पीत नसेल किंवा जागे होत नसेल, तर वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. ताप जाऊन पुन्हा आला, किंवा खोकता खोकता दम लागून उलटी होऊ लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. तीन महिन्यांखालील बाळाला खोकला किंवा ताप आला तर घरी थांबूच नये.

सासऱ्यांची गोष्ट निराळी आहे. मोठ्या माणसांना खोकल्याचे औषध वर्ज्य नाही, पण त्यांच्या तिन्ही आजारांशी सर्दीच्या सिरपातले घटक भांडतात. फिनाइलेफ्रिन व स्युडोएफेड्रिन रक्तदाब वाढवतात. क्लोरफेनिरामाइन किंवा डायफेनहायड्रामिनने प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी अडकू शकते, आणि मध्यरात्री नळी घालण्यासाठी दवाखान्यात धावावे लागते. त्याच घटकांनी वृद्धांना गुंगी येते व ते रात्री स्वच्छतागृहात जाताना पडतात. टर्ब्युटालिन व लेव्होसाल्ब्युटामॉल या श्वासनलिका रुंदावणाऱ्या घटकांनी हात थरथरतात आणि छाती धडधडते. साखरेच्या पाकात बनवलेल्या सिरपने मधुमेह्याची साखर वाढते, तेव्हा शुगर-फ्री प्रकार मागून घ्यावा. मधाचाही तोच हिशेब.

त्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासा. रक्तदाबाच्या गोळीचे नाव रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल असे ‘प्रिल’ने संपते का? या गटातल्या गोळ्यांनी काही रुग्णांना कोरडा, घशात खवखवणारा खोकला लागतो आणि तो कोणत्याही सिरपने जात नाही. महिनोन्‌महिने बाटल्या बदलत राहिलेले रुग्ण मी पाहिले आहेत. डॉक्टरांनी गोळी बदलल्यावर त्यांचा खोकला काही आठवड्यांत थांबला. गोळी स्वतःहून बंद मात्र करू नये. घरात कोणी नैराश्याच्या गोळ्या घेत असेल, किंवा औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी लिनेझोलिड चालू असेल, तर डेक्स्ट्रोमेथॉर्फनचे सिरप डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण त्यांच्या संयोगाने ताप, थरथर व गोंधळलेपणा असा गंभीर त्रास होऊ शकतो. आणि कोणत्याही मोठ्या माणसाचा खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर सिरपची तिसरी बाटली घेण्याऐवजी सरकारी केंद्रात थुंकी तपासून घ्यावी. तेथे ती तपासणी मोफत होते, आणि सिरपखाली दडलेला क्षयरोग घरातल्या लहान मुलापर्यंत पोहोचतो.

चोंदलेल्या नाकासाठी पोटात घेण्याचे फिनाइलेफ्रिन मोठ्यांनाही फारसे उपयोगी पडत नाही. त्याचा मोठा भाग आतड्यात व यकृतातच नष्ट होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये ते निष्प्रभ असल्याचे एकमताने सांगितले. नाकात घालण्याचे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन लगेच आराम देते, परंतु ते चार-पाच दिवसांच्या पुढे वापरले तर औषध उतरताच नाक आधीपेक्षा अधिक चोंदते व माणूस त्या बाटलीला बांधला जातो. रक्तदाब असलेल्यांनी तेही विचारूनच घ्यावे. सासऱ्यांसाठी मिठाच्या पाण्याचे थेंब, गरम पाणी, मिठाच्या गुळण्या आणि गरज वाटली तर डॉक्टरांनी निवडलेले एकाच घटकाचे औषध हाच मार्ग मला योग्य वाटतो.

उरलेल्या बाटलीचा प्रश्न राहिला. छापलेली मुदत बंद बाटलीची असते. टोपण वारंवार उघडलेली, चिकट तोंडाची, उन्हाळ्याभर ओट्यावर राहिलेली बाटली त्या मुदतीपर्यंत चांगली राहील याची खात्री देता येत नाही. पुढे कोणतीही बाटली उघडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख घाला, आणि आजार संपला की उरलेले औषध टाकून द्या. फ्रिजमध्ये ठेवा असे लिहिलेले नसेल तर सिरप फ्रिजमध्ये ठेवू नये, ते घट्ट होते व साखरेचे खडे धरते. टाकताना औषध माती किंवा वापरलेल्या चहापत्तीत मिसळून कचऱ्यात द्यावे, बाटलीवरचे लेबल फाडावे. रिकाम्या बाटलीत फिनेल, रॉकेल किंवा कीटकनाशक भरून ठेवू नये. मुलाच्या दृष्टीने ती अजूनही गोड औषधाचीच बाटली असते. मुलाला औषध घ्यायला लावताना ‘हे सरबत आहे’ असेही म्हणू नये, कारण एकदा हे पटलेले मूल संधी मिळताच बाटली तोंडाला लावते.

तसे झाले, किंवा चुकून जास्त मात्रा दिली गेली, तर उलटी काढण्यासाठी घशात बोट घालू नका, मिठाचे पाणी पाजू नका. मूल ठणठणीत दिसत असले तरी वाट पाहू नका. किती वाजता, अंदाजे किती मिलिलिटर गेले ते लिहून घ्या आणि बाटली घेऊन जवळचे रुग्णालय गाठा. मूल सुस्त असेल किंवा श्वास नीट चालत नसेल तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. नेहमीच्या मात्रेतही एखाद्या सिरपने वावगा परिणाम झाला असे वाटले तर डॉक्टरांना सांगाच, पण राष्ट्रीय औषधसुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावरही कळवा. तेथे तक्रार नोंदवायला डॉक्टर असण्याची गरज नाही. औषधाचे नाव, उत्पादक, बॅच क्रमांक, केव्हा सुरू केले आणि काय झाले एवढे सांगितले की पुरते, आणि दुकानातही तोच बॅच क्रमांक कळवला तर उरलेल्या बाटल्या कपाटातून बाजूला काढता येतात.